सोंगाला मारलेली हाक

जगात कुठल्या महिन्यात, कुठल्या गावात लोक काय वेडेपणा करतात हे मला तोंडपाठ आहे. स्पेनमधल्या एका गावात ऑगस्टात ट्रक भरभरून टोमॅटो आणतात आणि एकमेकांना मारतात. इंग्लंडात एका उभ्या टेकडीवरून चीजचा गोळा सोडून देतात आणि धडधाकट माणसं त्याच्यामागं कोलांट्या खात धावतात, हातपाय मोडून घेतात. थायलंडात एप्रिलमध्ये रस्त्यावर कोरडा माणूस दिसला की त्याची धडगत नाही. मेक्सिकोत मेलेल्यांच्या थडग्यांवर झेंडू पसरून घरची मंडळी शेजारीच जेवायला बसतात. मी पुण्यातल्या एका प्रवास कंपनीत सहली घेऊन जातो, आणि आमची खासियतच ही आहे, जगावेगळे सण. माणसं पासपोर्टबरोबर खाकरे आणि मेतकूट घेऊन येतात आणि मी त्यांना त्या गर्दीत नेऊन उभं करतो.

टोमॅटोचं मी पहिल्यांदा वडलांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर बसून सुंभ वळत होते. वडलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन त्ये फेकायला मानसं इमानानं जात्यात?"

"हो."

"मंग नारायणगावच्या मार्केटला आण की त्यांला. भाव पडला की आमीबी रस्त्यावर फेकतो. आमाला कुनी बघायला येत न्हाई."

आई आत भाकरी थापत होती, ती हसून हसून बेजार झाली. मीही हसलो. नंतर बसमध्ये माइकवर हा किस्सा मी इतक्यांदा सांगितला, की तो आता माझाच झालाय.

आमचं गाव मढच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात सोंगं, एवढ्या दोनच गोष्टी गाव मनापासून करतं. शिकलेली माणसं याला बोहाडा म्हणतात, आम्ही नुसतं 'सोंगं' म्हणतो. वैशाखात देवीच्या देवळापुढं संबळ आणि पिपाणी वाजायला लागते आणि गावातलीच माणसं लाकडाचे मुखवटे चढवून गणपती, मारुती, रावण, वेताळ होऊन नाचतात. सगळ्यात शेवटी, उन्हं वर आल्यावर, देवी आणि म्हैसासुर यांची लढाई होते. कुठलं सोंग कुणाच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. म्हैसासुर आमच्या घरात होता.

होता म्हणताना अजून जीभ अडते.

पांगाऱ्याच्या लाकडाचा तो मुखवटा, खऱ्या शिंगांचा. पांगारा हलका असला तरी शिंगांमुळं मान मोडते. लहानपणी मी त्याला हात लावायला गेलो की आजी वसकन अंगावर यायची. दादांच्या वडलांनी तो नाचवला, त्यांच्या वडलांनी नाचवला. तीस-पस्तीस वर्षं दादांनी नाचवला.

या सोंगाचा एक नियम आहे, आणि सगळी गोष्ट त्या नियमाचीच आहे, म्हणून नीट सांगतो. मुखवटा चढला की तो माणूस घरचा राहत नाही. मुखवटा देवळात उतरेपर्यंत त्याला कुणी हाक मारली तर त्यानं वळायचं नाही. आता असा नियम म्हटल्यावर गाव गप्प बसेल होय? सगळं गाव त्याला वळवायच्याच मागं. "ए, तुजी म्हस सुटली रं!" "आरं, सासरा आलाय, पानी दे त्याला!" बायका ओट्यांवरून ओरडतात, म्हातारे ओरडतात. वळला नाही तर सोंग खरं. वळला तर सोंग मोडलं, आणि मग पुढच्या वर्षीपासून तो मुखवटा दुसऱ्या घराला. हाक मारणाऱ्याला कसलाही दोष नाही. दोष वळणाऱ्याचा.

दादा कधी वळले नाहीत. एका वर्षी खरोखरच आमची गाय विहिरीत पडली होती. चुलता जिवाच्या आकांतानं ओरडत आला, दादांनी मान हलवली नाही. चौघांनी मिळून गाय काढली आणि दादा तिकडं देवीशी लढत होते. माझ्या जन्माची बातमीसुद्धा त्यांना सोंगात असतानाच सांगितली म्हणे, आणि तेव्हाही वळले नाहीत. आई हे अजून रागानं सांगते. "म्या हिकडं मरत व्हते आन ह्ये तिकडं नाचत व्हते." पण त्या रागात थोडा रुबाबही असतो, हे मला उशिरा कळलं.

वैशाखात माझा सीझन. शाळांना सुट्ट्या असतात, सहलींवर सहली. त्यामुळं नोकरी लागल्यापासून मी सोंगांना गेलोच नाही. दादा होळीनंतर एक फोन करायचे. "औंदा जमतंय का?" मी म्हणायचो, "बघू." गिऱ्हाइकांना 'नाही' म्हणायचं नसतं, 'बघू' म्हणायचं असतं, ती सवय घरी पण लागली. एकदा ते म्हणाले, "गुडघा लई वाजतोय. आता गाठ तू बांधाय पायजे." मुखवट्याची मागची शेवटची गाठ ज्याच्या हातची, पुढं सोंग त्याचं, अशी आमच्याकडची रीत. इतकी वर्षं चुलता बांधायचा, पण ती तात्पुरती सोय, हे गावाला माहीत होतं. मी म्हणालो, "बघू." आई मागून म्हणाली, "काखेत कळसा आन गावाला वळसा. जगाच्या जत्रा करतोय, घरची सोडून." तेव्हा मला तिचा रागच आला. मी कुणासाठी राबतोय, वगैरे वगैरे. फोन आपटला मी.

मग तीन वर्षांपूर्वी मला ती अक्कल सुचली. कंपनीत सगळे म्हणत होते, जवळपासचं काहीतरी काढा, दोन दिवसांचं, लोकांना आता इथलंच जुनं बघायचंय. मी म्हटलं, माझ्या गावचीच सोंगं आहेत की! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, मी विकून दाखवतो. कामाचं काम आणि दादांचंही मन राखलं जाईल. एका दगडात दोन पक्षी. फोनवर दादांना सांगितलं, "येतोय." त्यांनी विचारलं, "गाठ बांधशील?" मी म्हटलं, "बांधतो की." बावीस माणसं बरोबर आहेत हे मी फोन ठेवता ठेवता सांगितलं. "येऊ दे," म्हणाले, "पावनी ती पावनी."

बसमध्ये माइक हातात घेऊन मी पाहुण्यांना सगळं सांगितलं. कुठलं सोंग काय, संबळ कशी वाजते, आणि वळायचं नाही तो नियमही. गायीचा किस्सा सांगितला, जन्माचा सांगितला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छापलेल्या पत्रकात तो नियम चौथ्या क्रमांकावर होता, 'गंमतशीर प्रथा' या मथळ्याखाली. मला नियम माहीत नव्हता, मी विसरलो होतो, असं कुणी म्हणायला नको. मीच छापून आणला होता.

सकाळी देवळाच्या मागच्या पडवीत दादा तयार होऊन बसले होते. अंगाला काळं फासलेलं, कमरेला घुंगरू, उपाशी पोट. बारीक झाले होते. मला बघून म्हणाले, "आलास." मी मुखवटा उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला, फडकं मागं ओढलं आणि गाठ बांधली. चुलता शेजारी उभा होता, त्यानं डोळे पुसले आणि उगाच मला दटावलं, "घट्ट वढ की, भात खात न्हाईस का?" पडवीतून बाहेर पडताना दादांनी माझ्या दंडाला नुसता हात लावला. मुखवटा चढला होता, बोलता येत नव्हतं.

त्या क्षणी मी तिथंच थांबायला हवं होतं. देवळापुढं, चुलत्याच्या शेजारी, सगळ्या गावाबरोबर. पण माझी बावीस माणसं शाळेच्या कट्ट्यावर ताटकळत होती. कुणाला टोपी हवी होती, कुणाला बाथरूम कुठंय ते हवं होतं. मी पळत तिकडं गेलो.

लढाई सुरू झाली. काय नाचले दादा! गुडघा वाजणारा माणूस नव्हताच तो. शिंगं खाली घालून देवीवर जायचे, मागं सरायचे, संबळीच्या ठेक्यावर जमिनीला टाच मारायचे आणि धूळ उडायची. गाव पेटलं होतं. "अय म्हैसासुरा, तुजं लाइटबिल थकलंय!" "पेन्शन आली रं!" हसून हसून लोक लोळत होते. दादा वळत नव्हते.

आणि माझ्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका, गळ्यात हातभर लांब कॅमेरा, सारखे कुरकुरत होते. "अहो, आम्हाला नुसती पाठ दिसतेय. एवढ्या लांब आणलंत आणि राक्षसाचं तोंडच नाही." त्यांचं खोटं नव्हतं. कट्टा चुकीच्या बाजूला होता, मीच निवडलेला. मागून आणखी दोघी म्हणाल्या, खरंच हो, एक तरी फोटो मिळायला हवा.

आता माझं एक कौतुक सांगतो. कुठल्याही देशात, कुठल्याही मिरवणुकीत, नाचणाऱ्याला कॅमेऱ्याकडं वळवायची हातोटी आहे मला. शीळ घालतो, हात वर करतो, त्यांच्या भाषेतला एखादा शब्द ओरडतो. माणूस वळतो, हसतो, बावीस फोटो निघतात. कंपनीत त्याबद्दल माझं नाव आहे. तसाच मी तिथं मोबाइल वर धरून, त्याच्या पडद्यात चौकट जमवत, ओरडलो.

"दादा! इकडं! दादा!"

जत्रेत 'दादा' म्हणून ओरडलं तर शंभर माणसं वळतात, त्यात काही नाही. तसे दोन-चार वळलेही. आणि म्हैसासुर वळला.

पूर्ण वळला. मान नाही नुसती, सगळं अंग वळवून माझ्याकडं तोंड करून उभा राहिला. माझ्या आजूबाजूला खटाखट कॅमेरे वाजले. "वा! वा!" काका म्हणाले, "परफेक्ट!" मी मोबाइलमध्येच बघत होतो, फोटो चांगला आलाय का ते. संबळ थांबल्याचं मला त्यानंतर कळलं. पिपाणीवाला थोडा वेळ एकटाच वाजवत होता, मग तोही थांबला.

देवीचं सोंग घेतलेला माणूस हातातली तलवार खाली करून तसाच उभा. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. मला वाटलं, पायाखालची जमीन फाटावी आणि मी आत जावं. असं लोक उगाच म्हणतात असं मला वाटायचं. नाही म्हणत उगाच.

गावानं समजून घेतलं, हे मी कबूल केलं पाहिजे. गावची वडीलधारी मंडळी देवळाच्या पायरीवर जमली. एकजण म्हणाला, "पावन्यांच्या गडबडीत झालं. पोराला काय ठावं? चालू द्या म्होरं." दुसराही म्हणाला, "ह्ये काय धरायचं न्हाई." मी धावत गेलो, हात जोडले, म्हटलं, चूक माझी, हाक मी मारली, सोंग मोडलं नाही असं धरा. सगळे तयार होते. एक माणूस तयार नव्हता.

दादांनी मीच बांधलेली गाठ आपल्या हातानं सोडली. मुखवटा काढला. घामानं काळा रंग ओघळून गळ्यावर आला होता. ते म्हणाले, "हाक त्यानं मारली. मान माजी व्हती. म्या वळलो." आणि मुखवटा देवीपुढं नेऊन ठेवला.

एवढंच. कुणावर ओरडले नाहीत. विहिरीवर जाऊन अंग धुतलं, आणि त्यानंतर आमच्या बावीस पाहुण्यांना जेवायला वाढायला स्वतः उभे राहिले. एका बाईंना भाकरी आवडली, तर म्हणाले, "घ्या की आनिक, लाजता काय!" आई मात्र माझ्याशी दिवसभर बोलली नाही. निघताना बसपाशी आली आणि एवढंच म्हणाली, "तुजी बातमी आली तवा वळलं न्हाईत. आन आता वळलं." बसमध्ये पाहुणे खूश होते. कुणाला काही कळलंच नव्हतं, त्यांना वाटलं सोंगाचा शेवटच तसा असतो. मी काही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तकात काकांनी काढलेला तो फोटो पहिल्या पानावर आला. शिंगं, काळं अंग, उडालेली धूळ, आणि थेट तुमच्याकडं रोखलेलं तोंड. असा फोटो जगात कुठं मला मिळाला नव्हता, हे खरं आहे. ऑफिसात सगळ्यांनी पाठ थोपटली. पुस्तकाचा गठ्ठा माझ्या टेबलावर बरेच दिवस पडून होता. मी तो पालथा ठेवायचो.

मुखवटा आमच्या भावकीतल्या एका घराला गेला. ओतूरला वायरिंगची कामं करणारा तरुण माणूस आहे, सालस आहे, चांगला नाचतो. त्याला शिकवायला दादाच जायचे. टाच कुठं मारायची, शिंगं किती खाली घालायची. मी दोन वर्षं तोंड लपवून राहिलो, सीझनचं कारण होतंच. गेल्या वैशाखात मात्र रजा टाकून एकटाच गेलो. इंग्लंडची सहल दुसऱ्या कुणाला तरी दिली. साहेब म्हणाले, अरे, चीजची शर्यत, तुझ्याशिवाय कसं? मी म्हटलं, चीजमागं तेच धावतात, मी नाही.

दादांच्या शेजारी उभं राहून मी सगळी लढाई बघितली. लोक त्या पोराला ओरडत होते, दादाही ओरडत होते, "ए, तुजी वायर जळाली रं!" पोरगा वळला नाही. दादांनी मांडीवर थाप मारली. त्यांचा गुडघा आता वाकत नाही, काठी लागते. मी त्यांच्याकडं बघत होतो आणि मला राहून राहून वाटत होतं, आज इथं मी असायला हवा होतो, त्या मुखवट्यात, आणि त्यांनी मला ओरडायला हवं होतं. मला नाच तरी येतो का? नाही येत. शिकलो असतो. त्यांनीच शिकवला असता. त्यांच्या हयातीत आता ते सोंग आमच्या घरात परत येणार नाही, कारण ते पोरगं काही वळायचं नाही, आणि त्यानं वळावं असं दादांच्या मनात येणारही नाही.

दुपारी आम्ही ओट्यावर बसलो होतो. लोणीला दिलेल्या माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, जेवायला आले होते. त्यांचं सोंगांना येणं बऱ्याच वर्षांनी झालेलं, त्यामुळं जे विचारायचं नाही म्हणून सगळं गाव गप्प होतं ते त्यांनी बडीशेप चावता चावता विचारलं.

"पर पावनं, आमाला एक कोडंच हाय. गाय हिरीत पडली तरी तुमी वळला न्हाई. आन त्या दिसाला कसं काय वळला वो?"

आई दारात येऊन उभी राहिली.

दादा हसले. अगदी मोकळं हसले. "आवो, बाकीची लोकं हाका मारत्यात ती वळवायला मारत्यात. त्ये कळतं. ह्ये पोरगं इतक्या वर्सांनी सोंगाला आलं व्हतं. सोताच्या हातानं गाठ बांधलीवती त्यानं. आन लढाई रंगात आली तवा त्याला ऱ्हावलं न्हाई, म्हनून त्यो 'दादा' म्हनून वराडला. आवाजावरनंच मला कळलं, ही वळवायची हाक न्हवं. पोराचा ऊर भरून आला व्हता. मंग म्या म्हनलं, जाऊ दे, सोंग गेलं तर गेलं." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "व्हय ना रं?"

मामा माझ्याकडं बघत होते. आई माझ्याकडं बघत होती, आणि तिला सगळं माहीत होतं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

मी म्हणालो, "व्हय, दादा."